जळबाजींचा रुपया डबीत जातो

नांदेडच्या नाणे प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेल्या एका कोवळ्या व्यापाऱ्यानं जळबाजी पतंग्यांच्या रुपयाकडे वरवर पाहिलं, "हे तर कच्चं आहे," एवढं बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बस्स. पुढचं सगळं रामायण त्या तीन-चार शब्दांतून निघालं.

आता कैरी कच्ची असते, रस्ता कच्चा असतो, फार तर एखाद्याचं गणित कच्चं असतं. निजामाच्या काळातला, चारमिनारची खूण असलेला, अस्सल चांदीचा रुपया कच्चा कसा असेल? जळबाजी अख्खी हयात एसटीत कंडक्टर होते. खोटं नाणं त्यांना तळहातावर पडता पडताच कळायचं. पिशवीत आलेलं एखादं जुनं नाणं आवडलं तर ते ठेवून घ्यायचे आणि त्याच्या जागी स्वतःच्या खिशातलं टाकायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण कळमनुरीत शंकेखोर लोक पुष्कळ आहेत. तर असा हा माणूस त्या टेबलापुढं तसाच उभा राहिला आणि शेवटी त्यानं विचारलं, "पक्कं करायला काय करावं लागतं, साहेब?"

साहेबांनी सांगितलं ते असं, की मुंबईत एक कंपनी आहे. तिथं नाणं पाठवायचं. ते लोक भिंगातून बघतात, सत्तरपैकी मार्क देतात, आणि मग ते नाणं जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून वर चिठ्ठी लावतात. "डबी नसेल तर तुमच्या तोंडाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, काका?" असंही तो म्हणाला. ज्या माणसाच्या 'पुढं सरका'वर भरलेली गाडी मुकाट पुढं सरकायची, त्याच्या शब्दाबद्दल हे बोलणं. जळबाजींनी बाहेर येऊन चहा मागवला आणि तो तसाच टाकून कळमनुरीची गाडी पकडली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तो रुपया जळबाजींचा नव्हताच.

तो होता त्यांच्या बायकोचा, जनकाबाईंचा. पतंग्यांच्या घरात हा रुपया सासू सुनेला देते. लग्न लागलं की सूनमुख असतं. सासू नवरीला जवळ बसवते, आरशात तिचं तोंड बघते, जिभेवर साखर ठेवते, आणि मग तिच्या तळहातावर हा रुपया ठेवून आपल्या दोन्ही हातांनी तिची मूठ मिटते. मूठ मिटली की सून घरची झाली. पार्वतीबाईंनी, म्हणजे जळबाजींच्या आईनं, जनकाबाईंची मूठ अशीच मिटली होती. पुढं जळबाजींना नाण्यांचा नाद लागला आणि जनकाबाईंच्या पेटीतला रुपया 'तुझ्याच्यानं हरवंल, मी सांभाळतो' असं म्हणून त्यांनी अल्बममध्ये नेऊन ठेवला. सांभाळला खरा, पण सांभाळता सांभाळता तो आपलाच आहे असं त्यांना वाटायला लागलं.

आणि आता संतोषचं, त्यांच्या मुलाचं, लग्न ठरलं होतं. मुलगी सेनगावची, ज्योती नावाची. म्हणजे रुपया हलणार होता. जळबाजी अल्बमचं ते पान दिवसातून चारदा उघडून बघायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी कच्च्या-पक्क्याची हकीकत सांगितली. जनकाबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लग्नाच्या आत येईल का?"

"येईल की. काहून न्हाई यायचा?"

"न्हाई, मला त्या दिवशी हातात पायजे."

"हातात देतो तुह्या. शब्द हाय."

जळबाजींच्या मनात काय होतं ते जनकाबाईंना ठाऊक नव्हतं, पण आपल्याला लपवायचं कारण नाही. डबीवरच्या चिठ्ठीत संग्राहकाचं नावही छापून मिळतं, असं त्या हातमोजेवाल्यानं सांगितलं होतं. 'पतंगे संग्रह, कळमनुरी.' एकदा असं नाव छापलं की रुपया रीतीप्रमाणं सुनेच्या हातात जाईल, फोटो निघतील, आणि एवढी मोलाची डबी नव्या पोरीनं कुठं ठेवायची म्हणून आपोआप परत जळबाजींच्या कपाटात येईल. रीतही राहील आणि रुपयाही. असा तो बेत होता, आणि बेत म्हणून चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बैठक बसली. बोलावली कुणी नव्हती. आमच्या गल्लीत बैठक बोलवावी लागत नाही, कुणीतरी विचारात पडलेलं दिसलं की लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येतात.

सोनाजी गुरुजी, रिटायर हेडमास्तर, एकदम डबीच्या बाजूनं पडले. "जळबाजी, पोरगं कितीबी हुशार असू द्या, मार्कमेमो न्हाई तर कालेजात घेतंय का कोणी? नाण्याचंबी तसंच हाय. परीक्षेला बसवा त्याला."

"अन् नापास झालं तर?" देविदास सोनारानं विचारलं. देविदासला हे सगळंच लागलं होतं. त्याच्या वडलांपासून गल्लीची सगळी चांदी त्यांच्याच कसोटीवर घासली गेलेली. "मी सांगून राहिलो न, चांदी हाय. बराबर हाय. मुंबईच्या माणसानं सांगितली म्हणून काय ती जास्त चांदी होणार हाय का?"

"तुम्ही घासून बघता, देविदास. ते न घासता बघतात," गुरुजी म्हणाले.

"न घासता तर माही बायकोबी बघते."

कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला मुन्ना दुकान उघडायला चालला होता, तो थांबला. त्याला प्रश्न अवघड वाटलाच नाही. "चाचा, इसमें सोचना क्या. हजार का फोन रहता तो भी लोग कवर डालते, काच लगाते. ये तो निजाम का माल है. डालो कवर, छुट्टी करो."

"पण कवर काढता येतं का?" देविदास.

"कवर काढने के लिए थोडीच डालते."

मतं दोन विरुद्ध एक पडली आणि जळबाजींना हवं तेच ठरलं, त्यामुळे लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास वाढला.

संतोषनं कंपनीचा अर्ज मोबाइलवर भरून दिला. आता रुपया पाठवायचा होता. कुरियरच्या दुकानातल्या तरुणानं यंत्राकडे बघतच विचारलं, "आत काय हाय?"

जळबाजींनी आयुष्यात खोटं तिकीट फाडलं नव्हतं. ते म्हणाले, "रुपया."

"किती रुपये?"

"एक."

तरुणानं पहिल्यांदा मान वर केली. "काका, एक रुपया मुंबईला पाठवायला तुमी एवढा खर्च करून राहिले? नंबर द्या, मी फोनवरून आत्ता टाकून देतो. पैसेबी नका देऊ."

मागं रांगेत उभे असलेले लोक हसले. जळबाजींनी त्याला चांदी, निजाम, चारमिनार सगळं समजावून सांगितलं. तेव्हा तर पोरगा साफ नाहीच म्हणाला, कारण मौल्यवान वस्तू ते घेत नाहीत. म्हणजे रुपया साधा असला तर पाठवण्यात अर्थ नाही आणि मौल्यवान असला तर पाठवता येत नाही. जळबाजी पिशवी काखेत मारून टपालात गेले.

टपालातल्या बाईंनी आदरानं बसवून घेतलं. विमा उतरवून पार्सल जाईल, म्हणाल्या, पण कापडात शिवून आणा आणि शिवणीवर लाखेचे ठसे मारा. ठसा स्वतःचा पाहिजे. नाण्याचा ठसा चालत नाही.

कापड शिवायला अडचण नव्हती. जनकाबाईंनी संतोषच्या जुन्या पायजम्याचा कपडा काढला आणि बसल्या बसल्या शिवून दिला. पण लाख? पूर्वी म्हणे स्टेशनरीच्या दुकानात कांड्या मिळायच्या. आता दुकानदार लाख म्हटल्यावर "एक लाखाचं काय?" असं विचारत होते. शेवटी गुरुजींनी आठवण करून दिली की पोकळ दागिन्यात भरायला सोनारांकडे लाख असते. म्हणजे देविदासकडे. जळबाजी दोन वेळा त्याच्या दुकानावरून पुढं गेले आणि तिसऱ्या वेळी आत शिरले.

देविदासनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "म्हंजे माही कसोटी चालत न्हाई, पण माही लाख चालते."

"देविदास, लग्नाचं घर हाय. राग धरू नको."

"राग न्हाई हो. मी फक्त बोलून राहिलो." असं म्हणत त्यानं लाख तापवली. राग नसलेला माणूस लाख तापवताना एवढे भाते मारत नाही, पण ठसे त्यानं झकास पाडून दिले. ठशासाठी स्वतःचं असं जळबाजींकडे एकच होतं, ते म्हणजे कंडक्टरचा पितळी बिल्ला. पार्सलच्या सगळ्या शिवणींवर बिल्ल्याचा नंबर उमटला. टपालातल्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि पावती फाडून दिली. पावती हातात घेताना जळबाजींना किती तरी वर्षांनी नोकरीवर असल्यासारखं वाटलं.

रुपया गेला. जळबाजी निवांत झाले. पत्रिका छापल्या, बस्ता बांधला, हळद कुरुंद्याहून मागवली. आणि एके दुपारी संतोषच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला.

संतोषनं वाचून मराठीत सांगितलं ते असं. नाण्याच्या पृष्ठभागावर लाल आणि पिवळ्या रंगाचा परका पदार्थ आढळला आहे. तो काढल्याशिवाय परीक्षण करता येणार नाही. काढायचा असल्यास वेगळी फी पडेल आणि वेळ लागेल.

"परका पदार्थ?" जळबाजी हबकले. "अल्बममधून काढला तवा चकाचक होता. टपालात काही सांडलं का?"

जनकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हळद-कुंकू आसंल."

"कशाचं हळद-कुंकू?"

"मी लावलं. शिवायच्या आधी ओवाळला त्याला. एवढ्या दूर मुंबईला चालला, ते बी परीक्षेला. घरातलं कोणी तसंच जातं का?"

जळबाजींनी कपाळाला हात लावला. संग्राहकाच्या जगात नाण्याला साधं बोट लागलं तरी लोक आजारी पडतात. इथं तर चारमिनारच्या चारही मिनारांना कुंकू लागलं होतं, आणि मुंबईत कुणीतरी शिकलेला माणूस भिंगातून त्या कुंकवाकडे बघत बसला होता. त्याला काय वाटलं असेल? पतंगे संग्रह, कळमनुरी, म्हणजे काय लेव्हलचे लोक आहेत?

"आवं, दही बी ठेवणार होते हातावर," जनकाबाई म्हणाल्या, "पण मग म्हणलं कपड्याला लागंल."

हे ऐकल्यावर जळबाजींनी देवाचे आभार मानले आणि फी भरायला सांगितलं.

गुरुजींचं मत पडलं की परका पदार्थ हा शब्दच आक्षेपार्ह आहे आणि कंपनीला पत्र लिहिलं पाहिजे. देविदासनं सबंध आठवडाभर भेटेल त्याला विचारलं की लेकरू परीक्षेतून बाहेर काढलं म्हणतात ते खरं का. जळबाजींनी बाजारात जायचा रस्ता बदलला. पण खरी काळजी वेगळीच होती. लग्न जवळ येत होतं आणि रुपया मुंबईत अंघोळ करत होता. जनकाबाई रोज काही विचारत नव्हत्या. त्या फक्त दारात कुणी आलं की हातातलं काम ठेवून बाहेर डोकावायच्या, आणि ते जळबाजींना विचारण्यापेक्षा जड जात होतं.

रुपया आला तो हळदीच्या दिवशी. अंगणात मांडव, मांडवात पाहुणे, आणि पाहुण्यांत मेव्हणे. मेव्हण्यांनी नवरदेवाला सोडून जळबाजींनाच धरलं होतं आणि कुरुंद्याची हळद त्यांच्या तोंडाला, कानाला, टकलाला यथासांग फासली होती. अशा वेळी पार्सल घेऊन एक तरुण आला. त्याला पार्सल मालकाच्याच हातात द्यायचं होतं, ओळखपत्र बघून.

जळबाजींनी आधार कार्ड पुढं केलं. तरुणानं कार्ड बघितलं, मग जळबाजींकडे बघितलं, मग पुन्हा कार्ड. "हे तुमी न्हाई वाटत."

"मीच हाव. हळद लागलीय."

"तसं असंल. पण फोटो काढावा लागतो, काका. तोंड जुळंना तर वरून परत करायला लावतात."

मांडवातल्या सगळ्या पाहुण्यांनी साक्ष दिली की हेच जळबाजी आहेत. काहींनी चेष्टेनं उलटी साक्षही दिली. शेवटी जळबाजींना न्हाणीत जाऊन साबणानं तोंड खरवडावं लागलं. हळद कुरुंद्याची, ती काय एका साबणात जाते? तरी तिसऱ्या घासणीत आधार कार्डाइतपत चेहरा निघाला आणि पार्सल ताब्यात आलं.

डबी मात्र झोकदार होती, हे मान्य केलं पाहिजे. तळहाताएवढी, जाड, काचेसारखी स्वच्छ. मधोमध रुपया, आणि वरच्या पट्टीवर छापलेलं 'पतंगे संग्रह, कळमनुरी', आणि त्याखाली आकडा पंचावन्न.

"सत्तरपैकी पंचावन्न," गुरुजींनी तोंडी हिशेब केला, "म्हंजे अठ्ठ्याहत्तर टक्के. डिस्टिंक्शन. पेढे द्या, जळबाजी."

जळबाजींना आधी वाईट वाटलं की पंधरा मार्क गेले कुठं. मग टाळ्या पडल्या तसं बरं वाटायला लागलं. मुन्नानं डबी नखानं वाजवून बघितली, "बढिया कवर है" म्हणाला. देविदासनं उलटीपालटी करून निरखली आणि मान्य केलं, की काम साफ आहे, फक्त आता आत चांदी आहे की पत्रा, हे त्याला काय कुणालाच घासून बघता येणार नाही. जळबाजी ती डबी घेऊन मांडवभर फिरले. नांदेडच्या त्या पोरानं आत्ता बघायला पाहिजे होतं, असं त्यांना सारखं वाटत होतं.

सगळ्यात शेवटी डबी जनकाबाईंकडे आली. त्यांनी हात पुसून ती घेतली. कडा चाचपल्या, पालथी करून बघितली. "हे उघडतं कुठून?"

"उघडत न्हाई. तेच तर हाय त्याच्यात."

"मंग मी देऊ कसा?"

"असाच द्यायचा. डबीसगट."

जनकाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. जळबाजींची भांडायची तयारी होती, मुद्दे जुळवून ठेवले होते. पण त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि डबी आहेराच्या साड्यांमध्ये ठेवून पुन्हा पाहुण्यांच्या चहाकडे वळल्या. जळबाजींना ते मुद्दे रात्री उशाला घेऊनच झोपावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सेनगावला लग्न लागलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, मुलीचे वडील बालाजीराव पंगतीच्या व्यवस्थेला धावले आणि इकडं मंडपात सूनमुखाची तयारी झाली. जनकाबाईंनी ज्योतीला जवळ बसवलं. आरसा धरला. आरशात दोघींची तोंडं आली, तशी ज्योती जराशी हसली. जिभेवर साखर ठेवली. भोवती दोन्हीकडच्या बायकांनी कडं केलं होतं, फोटोवाला खुर्चीवर चढला होता, आणि त्याच्याशेजारी जळबाजी, गुरुजी, मुन्ना असे कळमनुरीचे मान्यवर उभे होते.

जनकाबाईंनी ज्योतीचा मेंदीचा हात पुढं ओढला, त्यावर डबी ठेवली आणि आपल्या दोन्ही हातांनी तिची मूठ मिटायला गेल्या.

मूठ मिटेना.

डबीचे चारही कोपरे बाहेर आले होते. जनकाबाईंनी डबी आडवी करून बघितली, उभी करून बघितली. ज्योतीनं बिचारीनं बोटं ताणली. मागून सेनगावची एक बाई दुसरीला म्हणाली, "पावडरचा डबा दिला वाटतं सासूनं." फोटोवाला वरून ओरडला की प्लास्टिक चमकून राहिलं, जरा तिरपं धरा. जनकाबाईंनी तिरपं धरलं. मग त्या थांबल्या. सुनेचा हात त्यांनी तसाच आपल्या हातात धरून ठेवला आणि वर बघितलं, थेट जळबाजींकडे.

"मिटंना हो," त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढला नव्हता की तक्रार नव्हती. पण डोळे भरून आले होते, आणि ते जळबाजींनी लांबून पाहिलं. इतकी वर्षं ही बाई आपला रुपया दुसऱ्याच्या अल्बममध्ये बघत आली, ती ह्याच एका दिवसासाठी, हे त्यांना आत्ता कळलं. कळलं म्हणजे काय, आधीही कळत होतंच. आत्ता लाज वाटली.

"अडकित्ता हाय का कोणापाशी?" जळबाजींनी विचारलं.

गुरुजींनी त्यांचा दंड धरला. "जळबाजी, भलतं करू नका. डबी फुटली की मार्क रद्द. त्यांच्या अर्जातच लिव्हलं हाय."

"होऊ द्या रद्द."

"अन् नाव?"

"ते बी होऊ द्या."

नवरीची आजी द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. काय चाललंय ते त्यांना बहुतेक ऐकू आलं नव्हतं, पण अडकित्ता हा शब्द बरोबर ऐकू गेला. त्यांनी कमरेची चंची सोडली, सुपारी बाजूला केली आणि चांगला वजनदार पितळी अडकित्ता काढून दिला. जळबाजी खाली मांडी घालून बसले. डबीचा कोपरा पात्यात धरला आणि दाबला.

काही झालं नाही. कंपनीनं काम मन लावून केलं होतं. दुसरा कोपरा धरला, तशी डबी निसटून फोटोवाल्याच्या खुर्चीखाली गेली. संतोष बाशिंग सांभाळत उठायला लागला, त्याला बायकांनी दाबून बसवलं. "दाढंत धरून बघा," कुणीतरी सल्ला दिला. "उन्हात ठिवा, मऊ पडतं," दुसरं म्हणालं. गुरुजी डोळे मिटून उभे होते. जळबाजींनी धोतर सावरलं, अडकित्ता बरोबर चिठ्ठीच्या पट्टीवर लावला आणि दोन्ही हातांनी सगळा जोर टाकला. कट् करून आवाज आला. 'पतंगे' एकीकडं उडालं, 'संग्रह, कळमनुरी' दुसरीकडं, आणि रुपया साखरेच्या वाटीत पडला.

जनकाबाईंनी तो वाटीतून उचलला. पदराला पुसला, चांगला दाबून, दोन्ही बाजूंनी. जळबाजींच्या अंगातल्या संग्राहकानं त्या वेळी काय भोगलं ते सांगण्यात अर्थ नाही. मग त्यांनी तो ज्योतीच्या तळहातावर ठेवला, एकेक बोट दुमडलं, आणि वरून आपले दोन्ही हात धरून ठेवले. किती वेळ धरले कुणास ठाऊक. फोटोवाल्याला हवा तेवढा वेळ मिळाला.

"घर तुझं हाय, माय," त्या सुनेला म्हणाल्या. "मला इचारत बसू नको."

हेच वाक्य पार्वतीबाईंनी जनकाबाईंना ऐकवलं होतं, आणि पुढं त्या असेपर्यंत जनकाबाईंना मीठसुद्धा विचारून घ्यावं लागलं. पण जनकाबाई ते मनापासून बोलत होत्या. निदान त्या वेळी तरी तसं वाटलं.

ज्योती रडली, मग जनकाबाई रडल्या, मग ज्यांचा काही संबंध नव्हता त्या बायकाही रडल्या. गुरुजी खाली वाकून डबीचे तुकडे गोळा करत होते. चिकटवून कंपनीला परत पाठवले तर निदान निम्मे मार्क तरी देतील का, असं ते मुन्नाला विचारत होते. मुन्ना म्हणाला, "गुरुजी, छोडो अब. देखो उधर, बच्ची कितनी खुश है." जळबाजींनी अडकित्ता पुसून द्वारकाबाईंना परत दिला. त्यांच्या अंगठ्याला खरचटलं होतं आणि मनाला बरं वाटत होतं. कपाटातली ती जागा आता रिकामी राहणार होती, आणि तिच्याबद्दल त्यांना फार काही वाटेना, याचंच त्यांना नवल वाटलं.

मग भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते पंगतीत जाऊन बसले. बालाजीराव घामाघूम होऊन जिलेबीचं ताट घेऊन फिरत होते. मंडपात काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता. व्याह्यांच्या पानात त्यांनी ओंजळभर जिलेबी वाढली, कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, "पावणे, मंडपात लई गलका झाला म्हणे. काय दिलं पोरीला सूनमुखाला?"

जळबाजींच्या जिभेवर सगळं आलं. निजाम, चारमिनार, मुंबई, सत्तरपैकी पंचावन्न, अठ्ठ्याहत्तर टक्के.

"रुपया," ते म्हणाले.

बालाजीराव ताट धरून थांबले. "एकच?"

"एकच होता," जळबाजी म्हणाले, आणि त्यांनी जिलेबी उचलली.